मोरपंखी वाळली हे आपल्याला इतकं उशिरा का कळतं?

पावसाळा संपला की बागकाम करणाऱ्या लोकांत एक प्रश्न हमखास फिरायला लागतो. मोरपंखी खालून तपकिरी होतेय, पाणी रोज घालतोय, ऊन भरपूर आहे, शेणखत पण दिलं, तरी एकेक फांदी वाळत चाललीय, काय करू? मग उत्तरं येतात. एक जण म्हणतो पाणी वाढवा, दुसरा म्हणतो पाणी बंद करा, तिसरा बुरशीनाशक सांगतो, आणि चौथा हमखास सांगतो की वाळलेलं सगळं खालपर्यंत छाटून टाका, नवीन फुटेल. पहिली तीन उत्तरं कधी ना कधी बरोबर ठरू शकतात. चौथं मात्र मोरपंखीच्या बाबतीत जवळजवळ कधीच बरोबर नसतं, आणि त्याच सल्ल्यामुळे चांगली वाचू शकणारी झाडं भुंडी होऊन बसतात.

गुलाब, जास्वंद, तुळस, कढीपत्ता यांच्याकडून आपण जी बागकामाची समज शिकलेलो असतो ती इथे चालत नाही. ती का चालत नाही एवढं एकदा समजलं की मोरपंखी फार सोपं झाड आहे.

आधी हे झाड आहे तरी कोण

मोरपंखी, काही घरांत विद्या किंवा विद्येचं झाड, नर्सरीत थुजा. तिन्ही नावं एकाच झाडाची. हे सूचिपर्णी गटातलं झाड, म्हणजे देवदार, चीड, पाइन यांच्या नात्यातलं. या गटातल्या झाडांना खरी फुलं नि फळं येत नाहीत, शंकू येतात आणि बी त्या शंकूच्या खवल्यांमध्ये उघड्यावर तयार होतं. मोरपंखीची पानं मात्र सुईसारखी नसून बारीक खवल्यांची असतात, डहाळीला घट्ट चिकटलेली, आणि अशा चपट्या डहाळ्या जमिनीला उभ्या लागतात. तिच्यावर निळसर हिरवे, पांढुरकी भुकटी चोपडल्यागत दिसणारे, आकडेवाले छोटे गोळे दिसतात ना, तेच तिचे शंकू. पिकले की तपकिरी होऊन फाकतात.

इथे एक गोंधळ मिटवून टाकू. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ मध्ये हिला थुजा गटात टाकलं होतं, पण नंतर अभ्यासकांनी तिला वेगळं काढलं आणि १९४९ पासून तिचं शास्त्रीय नाव प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस आहे. नर्सरीवाल्यांनी थुजा हे नाव सोडलं नाही, त्याला हरकत पण नाही. फक्त इंटरनेटवर थुजाची काळजी म्हणून जे वाचायला मिळतं ते बऱ्याचदा उत्तर अमेरिकेतल्या खऱ्या थुजाबद्दल असतं, तो थंड आणि ओलसर जागेतला आहे. आपली मोरपंखी उत्तर चीन आणि कोरियाकडची, खडकाळ डोंगरउतारांवर, चुनखडीच्या पातळ मातीत सुद्धा उभी राहणारी. दोघींच्या गरजा वेगळ्या. ओळखायचं असेल तर डहाळी उलटून बघा, मोरपंखीची डहाळी दोन्ही बाजूंनी सारखीच हिरवी दिसते, अमेरिकन थुजाची खालची बाजू फिकट असते.

आणि कोकणात किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत ती बघून वाटतं की अरे हे तर पाइनच, पण सुरू सूचिपर्णी नाही. ते फुलणारं झाड आहे, त्याच्या ‘सुया’ म्हणजे सांधे असलेल्या बारीक डहाळ्या असतात. निसर्गतः दक्षिण भारतात वाढणारं सूचिपर्णी झाड एकच, नागेया नावाचं, केरळ-तमिळनाडूच्या बाजूच्या पश्चिम घाटात, आणि त्याची पानं चक्क रुंद असतात. म्हणजे आपल्याकडच्या लोकांना या गटाची सवय नाही ही काही आपली चूक नव्हे, ही झाडं आपल्या रोजच्या बघण्यातली नाहीतच.

हिरवी दिसतेय, मग जिवंतच असणार ना?

नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे म्हणून जरा थांबून सांगतो.

लहानपणी वहीत विद्या ठेवलेली आठवतेय का? डहाळी तोडून पानांत दाबून ठेवायची, अभ्यास चांगला होतो म्हणून. ती डहाळी कितीतरी दिवस हिरवीच राहायची. झाडापासून तोडली, मूळ नाही, पाणी नाही, तरी हिरवी. आता हेच तुळशीचं पान ठेवून बघा, तास-दोन तासांत मान टाकतं.

कारण असं की मोरपंखीच्या खवल्यांवर मेणाचा जाड थर असतो, पाणी बाहेर पडायची छिद्रं लहान आणि झाकलेली असतात, आणि खोडातून पाणी वर नेणाऱ्या पेशी पण अगदी बारीक असतात, त्यातून पाणी सावकाश जातं. सगळा कारभार कमी पाण्यात, हळूहळू. त्यामुळे मुळं मेली तरी वरचा भाग आत साठलेल्या ओलाव्यावर तग धरून राहतो. चार्जर काढला तरी मोबाईल लगेच बंद पडत नाही, बॅटरी असेपर्यंत स्क्रीन चालू असते, तसंच हे. आपण स्क्रीन बघून म्हणतो सगळं ठीक आहे, आणि इकडे प्लग कधीच निघालेला असतो.

जास्वंदीला पाणी कमी पडलं तर ती दुपारीच पानं लोंबवून सांगते, आपण बादली घेऊन धावतो, संध्याकाळी ती परत ताठ. मोरपंखी कोमेजत नाही. तिची पानं कडकच असतात त्यामुळे लोंबणं वगैरे प्रकारच नाही. ती सरळ हिरवीवरून निस्तेज राखाडी हिरवी होते, मग पिवळट, मग तपकिरी, आणि हा प्रवास काही आठवड्यांचा असतो. म्हणून ऑक्टोबरात जी तपकिरी दिसते तिचं कारण बऱ्याचदा ऑगस्टमधल्या पावसात असतं, आणि मे महिन्यात सुट्टीला गावी गेल्यावर जो पाण्याचा खंड पडला त्याचा परिणाम जूनमध्ये दिसतो. मग लोक म्हणतात पाऊस मानवला नाही! काल-परवा आपण काय केलं ते आठवून उपयोग नसतो, महिना-दीड महिना मागे जाऊन आठवावं लागतं.

जिवंत आहे की नाही हे रंगावरून ठरवू नका. नखाने फांदीची साल हलकेच खरवडा. आत ओलसर हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे, कोरडं तपकिरी दिसलं तर गेली. एका ठिकाणी बघून थांबू नका, शेंड्याकडे, मधे आणि अगदी खोडाच्या बुडाशी असं बघा, कारण मूळकूज असेल तर ती खालून वर येते आणि वरच्या फांद्या तेव्हाही हिरव्या असू शकतात.

छाटली की फुटेल की, सगळीच झाडं फुटतात

गुलाबाची फांदी कापली की खालून नवीन धुमारे येतात. याचं कारण त्याच्या सालीखाली झोपलेले डोळे असतात, डोळा म्हणजे जिथून कोंब निघतो तो बारीक फुगवटा, आपण कलम करताना डोळा भरतो म्हणतो तोच. वरचा शेंडा गेला की हे झोपलेले डोळे जागे होतात. जास्वंद, बोगनवेल, कढीपत्ता, आंबा सुद्धा, सगळ्यांकडे हा राखीव साठा असतो.

मोरपंखीकडे जुन्या लाकडात असा साठा जवळपास नसतो. तिची नवी वाढ फक्त हिरव्या भागातून होते. हिरवं जिथे संपतं आणि आत नुसतं तपकिरी लाकूड सुरू होतं, त्या रेषेच्या आत कात्री गेली की तिथे भोक पडतं आणि ते भोक भरून येत नाही, फार तर आजूबाजूच्या हिरव्या फांद्या वाढून ते झाकतात, त्याला काही वर्षं लागतात कारण ही वर्षाला साधारण वीतभर वाढते. सोसायट्यांच्या गेटपाशी मशीनने गोल केलेल्या मोरपंख्या बघा, एका बाजूला टक्कल पडलेलं असतं. माळ्याने जरा आत कापलेलं असतं, बाकी काही नाही.

सगळीच सूचिपर्णी झाडं अशी नाहीत, पोडोकार्पस जुन्या लाकडातूनही बऱ्यापैकी फुटतो, म्हणून कुंपणाला तो जास्त सोयीचा. पण मोरपंखी, जुनिपर, सायप्रस यांच्या बाबतीत गेलेली फांदी गेली असंच धरून चालायचं. त्यामुळे इथे इलाजापेक्षा आधीची काळजी जास्त कामाची.

तपकिरी कुठे आहे ते बघा, मग औषध शोधा

फोटो बघून सल्ला मागणाऱ्यांना मी आधी हेच विचारतो, तपकिरी नक्की कुठे आहे.

आत, खोडाजवळ, दोन्ही हातांनी फांद्या बाजूला केल्यावर दिसतेय आणि बाहेरचा सगळा भाग हिरवा आहे? मग काळजी करू नका. सदाहरित म्हणजे पान कधीच गळत नाही असं नाही, सदाहरित झाडं पानं एकदम न टाकता थोडी थोडी टाकतात एवढंच. आतल्या जुन्या पानांना ऊन मिळत नाही, झाड त्यांना सोडून देतं. तो कचरा हाताने झाडून काढा, कारण तो आत अडकून राहिला की पावसात ओला राहतो, बुरशी धरते, उन्हाळ्यात किडी लपतात. ही सफाई फार कमी लोक करतात आणि तिचा फायदा खूप आहे.

फक्त एकाच बाजूला आहे? मग ती बाजू कुठे तोंड करून आहे ते बघा. भिंतीकडची असेल तर उजेड न मिळाल्याने गेली. कुंडी असेल तर आठ-पंधरा दिवसांनी पाव वळण फिरवत राहायचं, हे वाळायच्या आधीपासून करायचं, नंतर नाही. एसीच्या बाहेरच्या युनिटची गरम हवा ज्या बाजूला लागते ती बाजू पण अशीच भाजून निघते. आणि बुडाशी एका बाजूला, जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतच तपकिरी चट्टा असेल तर गल्लीतला कुत्रा रोज तिथे येतो का बघा. त्यातले क्षार पानं जाळतात. तिथे भरपूर पाणी ओतून माती धुऊन काढायची आणि विटांचा आडोसा करायचा.

शेंडे जळाल्यासारखे झालेत, सगळीकडे थोडे थोडे? बोअरचं जड पाणी, जास्त रासायनिक खत किंवा उन्हाळ्यात कुंडी पूर्ण कोरडी पडणं, यापैकी काहीतरी. कुंडीच्या काठावर पांढरा थर जमला असेल तर क्षार जमलेत. भरपूर साधं पाणी ओतून खालून वाहू द्या, असं दोन-तीनदा.

हिवाळ्यात सगळं झाड जरा तांबूस, ब्राँझ रंगाचं झालंय आणि तुम्ही निफाडसारख्या कडाक्याच्या थंडीच्या भागात राहता? तो थंडीचा रंग आहे, विशेषतः पिवळ्या शेंड्यांच्या बुटक्या जातीत जास्त दिसतो. ऊन वाढलं की परत हिरवं होतं. त्याला काही फवारू नका.

पूर्ण झाड एकसारखं निस्तेज, राखाडी, चमक गेलेलं, आणि आत हात घातला की पानं खरखरीत लागतात, ही मात्र वाईट लक्षणं. इथे सरळ मुळांकडे जायचं.

खरी भानगड मातीत असते

नर्सरीतून आणलेल्या रोपाची पिशवी फाडून बघा. आपल्याकडची पुष्कळ शोभेची रोपं आंध्रातल्या कडियम वगैरे भागातून ट्रकने येतात, आणि मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. प्रवासात रोप हलू नये म्हणून तो ठीक. पण आपण काय करतो, तो गोळा जसाच्या तसा उचलून छान भुसभुशीत कोकोपीट-कंपोस्टच्या मिश्रणात ठेवतो. मग पाणी घातलं की ते मोकळ्या मातीतून भराभर खाली जातं, कुंडीखालून वाहतं, आपण खूश, आणि मधला गोळा आत कोरडाच. मुळं सगळी त्या गोळ्यात आहेत! रोज पाणी घालूनही झाड तहानेने मरतं, आणि आठवडे उलटून गेल्यावर कळतं. पावसाळ्यात उलटं होतं, तोच गोळा एकदा भिजला की दिवसेंदिवस ओलाच राहतो, आत हवा जात नाही, मुळं कुजतात.

म्हणून लावायच्या आधी गोळा बादलीभर पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवा, बाहेरची माती बोटांनी हळूहळू सोडवा, साधारण इंच-दीड इंच, मुळांची टोकं बाहेर दिसली पाहिजेत. पण पूर्ण माती धुऊन मुळं उघडी करू नका, तेवढा धक्का या झाडाला सहन होत नाही. गोल गोल फिरलेली मुळं दिसली तर ती सोडवा, नाही सुटली तर एखाद-दोन कापा. मग पोयटा माती दोन भाग, जाड वाळू किंवा विटांचे बारीक तुकडे एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट एक भाग, हे मिश्रण पुरेसं आहे. नुसत्या कोकोपीटमध्ये लावू नका. आणि रोप आधी जेवढ्या खोलीवर होतं तेवढंच ठेवा, खोडाला माती चढवली की बुड सडतं.

जमिनीत लावणाऱ्यांनी माती बघून ठरवायचं. कोकणात जांभ्याची जमीन असते, पाणी झिरपून जातं, पाऊस प्रचंड असला तरी उतार असेल तर मोरपंखी टिकते. देशावर, मराठवाड्यात, विदर्भात काळी चिकणमाती असेल तर खड्डा खणून त्यात खत-माती भरून लावणं ही सगळ्यात धोक्याची पद्धत आहे, कारण त्या खड्ड्यात आजूबाजूचं पाणी येऊन साचतं आणि काळ्या मातीतून ते बाहेर पडत नाही. तिथे खड्डा करण्याऐवजी फूटभर उंचीचा रुंद उंचवटा करून त्यावर लावा. लावायला सप्टेंबर-ऑक्टोबर चांगला, मोठा पाऊस झालेला असतो, मातीत ओल आणि ऊब दोन्ही असते आणि उन्हाळ्याच्या आत मुळं बसतात.

पण आमच्याकडे ऊनच फार, थंड हवेचं झाड इथे कसं टिकणार?

हा आक्षेप बरेच जण घेतात आणि तो ऐकायला बरोबर वाटतो, सूचिपर्णी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शिमला-मनाली येतं ना.

पण मोरपंखी हे बीजिंगचं अधिकृत शहर-झाड आहे. तिथल्या जुन्या मंदिरांच्या आवारात शेकडो वर्षांच्या मोरपंख्या उभ्या आहेत. बीजिंगला हिवाळ्यात उणे दहापर्यंत थंडी पडते हे खरं, पण उन्हाळ्यात पारा कधी कधी चाळिशीलाही टेकतो. आणि पाऊस? तिथेही तो उन्हाळ्याच्या महिन्यांतच येतो, मुख्यतः जुलै-ऑगस्टमध्ये, पण वर्षाला साधारण ५५० ते ६०० मिमी. पुण्यात ७०० च्या आसपास पडतो, म्हणजे फार फरक नाही. रत्नागिरीला मात्र ३००० मिमीच्या वर. यावरून दिसतं की आपल्या हवेत या झाडाची अडचण ऊन नाही, साचलेलं पाणी आहे. पुणे, नाशिक, संभाजीनगर, सोलापूरकडच्या लोकांनी ऊन जास्त म्हणून मोरपंखी सावलीत नेऊन ठेवणं म्हणजे तिला विरळ आणि रोगट करणं. तिला रोज पाच-सहा तास थेट ऊन पाहिजे. घरात हॉलच्या कोपऱ्यात शोभेला ठेवायचं हे झाडच नाही, चार दिवस पाहुण्यांसाठी आत आणली तर ठीक.

फक्त नवीन लावलेलं रोप आणि टेरेसवरची काळी प्लास्टिकची कुंडी यांना एप्रिल-मेमध्ये जपा. तिथे पानांपेक्षा मुळं भाजतात, कारण कुंडीची बाजू तापते. कुंडीभोवती गोणपाट गुंडाळा किंवा तिच्यापुढे दुसऱ्या कुंड्या ठेवा, वर हिरवी नेट नसली तरी चालेल.

मग पाणी नक्की किती?

दिवसांत सांगता येत नाही, जो सांगतो त्याचं ऐकू नका. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तर भरपूर पाणी, खालून निघेपर्यंत, ओलं लागलं तर काही नाही. रोज कपभर पाणी शिंपडणं सगळ्यात वाईट, वरची माती ओली दिसते आणि खाली मुळांपर्यंत काहीच पोचत नाही. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाका आणि कुंडी दोन विटांवर ठेवा. जमिनीतल्या झाडाला पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोनदा खोल पाणी लागतं, मग मुळं खाली गेली की ती बऱ्यापैकी स्वावलंबी होते.

खत कमीच. वर्षातून दोनदा दोन-तीन मुठी कंपोस्ट, एकदा पावसाच्या सुरुवातीला, एकदा थंडीच्या आधी. युरिया देऊन पटकन मोठी करायला गेलात तर मऊ, लांब फांद्या येतात आणि पहिल्याच वादळी पावसात झाड मधून फाकतं. मग लोक सुतळीने करकचून बांधतात, आत उजेड जात नाही, आणि आतून वाळायला लागतं. बांधायचीच असेल तर जुन्या सुती साडीची पट्टी, सैल, आणि पाऊस गेला की सोडायची.

उन्हाळ्यातला न दिसणारा शत्रू

फेब्रुवारी ते मे, हवा कोरडी झाली की लाल कोळी येतो. हा कीटक सुद्धा नाही, कोळ्याच्या नात्यातला अगदी बारीक जीव, डोळ्यांना धुळीच्या कणासारखा. पानांतला रस शोषतो, झाड धुरकट दिसतं, आपण म्हणतो रस्त्याची धूळ बसलीय. डहाळीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारा, कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर कोळीच. त्याला ओलावा आवडत नाही, म्हणून पाइपने जोराचं पाणी आतून-बाहेरून, खालून वर असं मारायचं, सकाळी, दोन-तीन दिवसांआड, काही आठवडे. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर कडुनिंबाचं तेल संध्याकाळी फवारा. पाण्यात मिसळणारी गंधकाची पावडरही चालते पण भर उन्हाळ्यात ती मारू नका, तिशीच्या वर तापमान गेलं की गंधकाने पानं भाजतात आणि पुन्हा आपणच विचारत बसतो की वाळली का.

पांढरा कापूस दिसला तर तो मिलीबग, पिठ्या ढेकूण. त्यालाही आधी पाण्याचा मारा.

कात्री लावायची तर कशी

हिरव्या शेंड्यांवरच, थोडी थोडी, फेब्रुवारीच्या सुरुवातीला किंवा ऑक्टोबरात. एप्रिल-मेमध्ये नाही, कारण बाहेरचा थर काढला की आतली सावलीत वाढलेली कोवळी पानं उन्हात उघडी पडून करपतात. आकार देताना खाली रुंद, वर निमुळता ठेवा. उलट केलं, म्हणजे वर घेर आणि खाली बारीक, तर वरच्याची सावली खालच्यावर पडते आणि खालचा भाग कायमचा जातो.

जोडीने लावावी लागते का, आणि औषध म्हणून खातात का

मोरपंखी एकटी लावू नये, जोडी लागते, असं खूप जणांकडून ऐकायला मिळतं. श्रद्धा असेल तर दोन लावा, जागा आहे तर छानच दिसतात. पण झाडाला त्याची गरज नाही, नर आणि मादी शंकू एकाच झाडावर येतात, एकट्या मोरपंखीलाही बी धरतं. एक वाळली म्हणून दुसरी विरहाने वाळली असं नसतं, दोघी एकाच मातीत, एकाच पाण्यावर असतात म्हणून पाठोपाठ जातात.

होमिओपॅथीतलं थुजा अमेरिकन थुजापासून बनतं, आपल्या कुंडीतल्या झाडापासून नाही. चिनी वैद्यकात मोरपंखीची पानं आणि बी वापरतात हे खरं, पण म्हणून घरी पाला उकळून पिऊ नका, आणि लहान मुलं डहाळ्या चावत नाहीत ना तेवढं बघा.

आणि ते ख्रिसमस ट्री, लिंबाच्या वासाचं पिवळं झाड वगैरे?

डिसेंबरात नर्सरीत पिवळसर पोपटी, टोकदार, चुरडलं की लिंबाचा वास येणारं गोल्डन सायप्रस दिसतं आणि कुणालाही मोह होतो. त्याचं मूळ घर कॅलिफोर्नियात माँटेरेजवळचा समुद्रकिनारा, धुकं आणि गार वारा. महाबळेश्वर-पाचगणीकडे प्रयत्न करा, पण देशावरच्या मे महिन्यात ते राहील याची खात्री मी देणार नाही. हौसेने घ्या, हंगामी फुलझाडासारखं.

अरोकॅरिया, ज्याला आपल्याकडे ख्रिसमस ट्री म्हणतात, तो मात्र आपल्या हवेत मस्त वाढतो. नॉरफोक बेट आणि न्यू कॅलेडोनिया या पॅसिफिकमधल्या उबदार बेटांवरचे हे वृक्ष. भरपूर उजेडाच्या खिडकीशी कुंडीत तो काही वर्षं छान राहतो. पण जमिनीत लावताना वर बघा, विजेच्या तारा, गॅलरी, शेजाऱ्यांचा स्लॅब. मूळ जागी हे वृक्ष पन्नास मीटरपर्यंत जातात, आणि आपल्याकडेही जुन्या बंगल्यांच्या आवारात ते छपरांच्या कितीतरी वर गेलेले दिसतात. उंच झाला म्हणून शेंडा कापला तर तो सुबक मजल्यामजल्यांचा आकार परत येत नाही. खालच्या फांद्यांचा मजला गेला तर तोही परत येत नाही.

अर्धी वाळलेली मोरपंखी आहे, तिचं काय करू

आधी नखाने खरवडून किती जिवंत आहे ते बघा. बुडाशी हिरवं असेल तर कुंडीतून काढून मुळं तपासा. पांढरी, तांबूस, कडक मुळं म्हणजे चांगली. काळी, मऊ, ओढल्यावर साल हातात येणारी मुळं कुजलेली, ती कापून टाका, निचऱ्याच्या नव्या मिश्रणात लावा, आणि महिनाभर खत अजिबात देऊ नका. मेलेल्या फांद्या बुडापासून स्वच्छ काढा, त्यातून काही येणार नाही. टक्कल पडलेली बाजू भिंतीकडे करा आणि हिरवी बाजू बाहेर ठेवा, इथे फिरवण्याचा नियम गुंडाळून ठेवला तरी चालतो. किंवा खालच्या सगळ्या वाळक्या फांद्या काढून खोड मोकळं करा, वर हिरवा झुपका, खाली सालीचं तांबूस तपकिरी खोड, जुन्या मोरपंखीला ते फार शोभतं आणि मला तर ते खालपर्यंत भरगच्च, निमुळत्या आकारापेक्षा जास्त आवडतं.

बुडाशीच तपकिरी निघालं तर मात्र वाट बघू नका, वरची हिरवाई उरलेल्या ओलाव्यावर आहे. झाड काढा, कुंडीतली माती दुसऱ्या मोरपंखीसाठी वापरू नका, कारण मूळकूज करणारी बुरशी मातीत राहते. आणि जमिनीतली जागा असेल, पावसात तिथे पाणी साचतच असेल, तर त्याच खड्ड्यात परत मोरपंखी लावायचा हट्ट सोडा. तिथे कर्दळ लावा, तिला ओली जमीन मनापासून आवडते.